राज्य कुणावर आलं? : 'देवाचं राज्य' या कल्पनेचं एक वाचन

(किल्लारी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. बाकी भाषा वक्त्याचीच ठेवली आहे.)

आत्ता माझी ओळख 'बायबलचे अभ्यासक' अशी करून दिली गेली. ती आधी दुरुस्त करतो. मी मराठीचा मास्तर. जन्मानं ख्रिस्ती नाही, पुढंही झालो नाही. बायबल वाचत आलो ते ग्रंथ म्हणून. ज्ञानेश्वरी वाचावी, लीळाचरित्र वाचावं, तसं. त्यामुळं आज मी जे बोलणार ते प्रवचन नाही. एका ग्रंथातल्या एका कल्पनेची ही समीक्षा आहे. पटली तर घ्या, नाहीतर इथंच सोडून जा.

विषय आहे 'देवाचं राज्य'. येशूच्या शिकवणुकीत हा शब्द मध्यावर उभा आहे. त्याच्या दृष्टान्तांपैकी कितीतरी याच शब्दापाशी येऊन थांबतात. ख्रिस्ती माणूस रोजच्या प्रार्थनेत हे राज्य यावं अशी मागणी करतो. पण त्याचा अर्थ काय, यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे. कुणी म्हणतं, मेल्यावर मिळणारा स्वर्ग म्हणजे ते राज्य. कुणी म्हणतं, चर्च म्हणजेच ते. कुणी म्हणतं, जगाच्या शेवटी येणार. कुणी म्हणतं, ते माणसाच्या मनात असतं.

आता हा विषय किल्लारीत कशाला? तर हा विषय मला किल्लारीनंच दिला, म्हणून.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. तुम्हाला मी काय सांगणार? आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. जाड दगडी भिंती, मधे चिखल, वर माळवद, आणि त्या माळवदावर वर्षानुवर्षं टाकलेली माती. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी आकडाच आठ हजारांच्या आसपास गेला. पुढच्या आठवड्यात विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन मी इकडं आलो होतो. तरुण होतो. पाऊस, चिखल, डी.डी.टी.चा वास. एका पत्र्याच्या आडोशाला एक म्हातारी बसलेली. मी तिच्यापुढं जेवणाचं पाकीट ठेवलं. तिनं त्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "लेकरा, आमचं काय चुकलं रं?"

मला उत्तर आलं नाही. पण त्या दिवसांत उत्तरं देणारे पुष्कळ होते. एक उत्तर गावागावांत ऐकू येत होतं : पाप लई वाढलं होतं. दुसरं उत्तर थोड्या दिवसांनी एका शहरात ऐकलं. एक प्रवचनकार सांगत होते, भूकंप ही शेवटच्या काळाची खूण आहे, देवाचं राज्य जवळ आलंय, किल्लारी हा इशारा आहे. म्हणजे बघा, पहिल्या उत्तरात म्हातारी गुन्हेगार झाली आणि दुसऱ्या उत्तरात तिची नातवंडं दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची पाटी झाली. मला दुसऱ्या उत्तराचा जास्त राग आला, कारण ते पुस्तक मी वाचलं होतं. घरी गेलो आणि पुन्हा वाचायला बसलो. आज जे सांगतोय ते त्या वाचनातून आलेलं आहे.

लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. त्याची सुरुवातच बातम्यांनी होते. काही लोक येशूला सांगतात, पिलातानं गालीलातली माणसं मारली, तीही बळी अर्पण करत असताना. येशू त्यात आणखी एक बातमी घालतो. शिलोहातला बुरूज पडला आणि अठरा माणसं दबून मेली. आणि स्वतःच विचारतो, यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा हे अठरा जास्त पापी होते, असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो : नाही.

हा 'नाही' फार महत्त्वाचा आहे. धर्मग्रंथांत दुर्घटनेचं कारण सांगण्याची रीत मोठी आहे. इथं कारण सांगायला नकार आहे. आज असता तर निदान बुरुजाचा गुत्तेदार कोण, एवढं तरी विचारलं असतं. (हशा) हसा, पण ती चौकशीही रास्त आहे. भिंत पडली तर भिंतीला विचारायचं, मेलेल्याला नाही.

पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला पाहिजे. त्या 'नाही'ला लागून तो म्हणतो, तुम्ही पालटला नाहीत तर तुमचाही तसाच नाश होईल. इथं प्रवचनकार पुन्हा हात वर करतो : बघा, धमकी आहेच! मी बरीच वर्षं या वाक्यापाशी अडून होतो. मग ध्यानात आलं की वाक्य कुणाला उद्देशून आहे ते पाहायला हवं. ते मेलेल्यांबद्दल नाही. ते बातमी घेऊन आलेल्यांना आहे. 'त्यांचं काय चुकलं' असं विचारत उभ्या असलेल्या जिवंत माणसांना तो म्हणतो, त्यांचा हिशेब सोडा, तुमचं बघा. प्रश्न मेलेल्यावरून उचलून जिवंतावर ठेवलाय. लगेच पुढं अंजिराच्या झाडाची गोष्ट येते. तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो, तोडा. माळी म्हणतो, मालक, अजून एक वर्ष द्या, मी आळं करतो, खत घालतो. म्हणजे नाशाच्या वाक्यानंतर लगेच कुदळ आणि शेणखत आलं. मुदतवाढ मिळालीय, ती कामासाठी.

आणि मग याच अध्यायात एक बाई येते. कंबरेत वाकलेली, सरळ उभं राहता येत नाही. किती वर्षं? अठरा. बुरुजाखाली मेले ते अठरा, बाई वाकलेली तीही अठरा वर्षं. हे आकडे एका अध्यायात सहज आले असतील, किंवा लेखकानं मुद्दाम ठेवले असतील. वाचकानं ते ऐकावेत एवढं खरं. अठरा जणांवर बुरूज एका क्षणात आला. हिच्यावर तो अठरा वर्षं हळूहळू येत होता. येशू तिला बोलावतो आणि ती सरळ होते. दिवस शब्बाथाचा, विश्रांतीचा. सभास्थानाचा प्रमुख चिडतो : सहा दिवस आहेत ना, त्यात या. येशू म्हणतो, तुम्ही शब्बाथाला बैल दावणीचा सोडून पाण्यावर नेता की नाही? मग हिला का सोडायचं नाही?

आणि आता लूक लिहितो : 'म्हणून' तो म्हणाला, देवाचं राज्य कशासारखं आहे? मूळ ग्रीकमध्ये तिथं 'ऊन' हा एवढासा शब्द आहे, त्याचा अर्थ 'म्हणून', 'तेव्हा'. भाषांतरांतून आणि प्रवचनांतून तो सहज निसटतो, कारण दृष्टान्त सुटे करून सांगायची सवय लागलेली आहे. पण तो शब्द दोरा आहे. पडलेला बुरूज, मुदत मिळालेलं झाड, सरळ झालेली बाई, आणि म्हणून : देवाचं राज्य. व्याख्या वाचायची ती या क्रमात.

आणि राज्य कशासारखं? एक, मोहरीच्या दाण्यासारखं. दोन, खमिरासारखं, जे एका बाईनं पिठात दडवलं.

मोहरीचं बघा. राज्याला उपमा द्यायची तर ज्यूंच्या जुन्या ग्रंथांत लबानोनचा गंधसरू तयार होता. उंच, राजेशाही झाड. हा माणूस परसातलं मोहरीचं रोप उचलतो. आपल्याकडं 'राईचा पर्वत' हा टोमणा आहे. इथं राई राईच्याच जातीची राहते, फक्त पाखरांना बसता येईल एवढी होते. खमिराचं आणखी मजेचं. ज्यूंच्या वल्हांडण सणात घरातलं सगळं खमीर बाहेर काढतात. बिघडण्याचं, कुजण्याचं ते चिन्ह होतं. आपल्याकडं विरजणाचं तसंच आहे. 'उत्साहावर विरजण पडलं' म्हणतो, पण रात्री दुधाला चमचाभर विरजण लावल्याशिवाय सकाळी दही मिळत नाही. त्या बाईनं खमीर लावलं ते तीन मापं पिठाला. एका घराला नाही, गल्लीला पुरेल एवढ्या पिठाला. आणि लावलं म्हणजे दडवलं. पीठ फुगतं तेव्हा खमीर दाखवता येत नाही.

मग गडबड कुठं झाली? काही प्रमाणात आपल्या 'राज्य' या शब्दात झाली. ग्रीक 'बासिलेया' या शब्दात मुलखापेक्षा सत्ता चालणं, कारभार चालणं, हा अर्थ पुढं आहे. आपल्या 'राज्य'मध्ये दोन्ही आहेत, पण डोळ्यांपुढं येतं ते सिंहासन आणि शीव. मराठवाड्याला तर राज्य म्हणजे निजामाचं, आणि ते १७ सप्टेंबर १९४८ ला गेलं तेव्हा आपण 'मुक्त' झालो असं म्हणतो. आपल्या अनुभवात राज्य ही अंगावर येणारी गोष्ट आहे.

मराठीतल्या मोठ्या ख्रिस्ती माणसांनी या शब्दाशी झटापट केली, ती थोडक्यात पाहू. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडातून गोव्यात आलेले येशूसंघी. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर इथं छापलं गेलं, मराठी ओवीत. त्यांनी स्वर्गाला आपल्या ओळखीचा वैकुंठ हा शब्द घेतला. भाषेवरचं त्यांचं प्रेम निर्विवाद. पण वैकुंठ म्हटलं की राज्य वर गेलं, मरणापलीकडं गेलं. पिठातलं खमीर राहिलं नाही.

दुसरे नारायण शेषाद्री. हे आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण, आणि फार कमी लोकांना माहीत आहे. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले पाद्री. एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ, निजामाच्या मुलखात, सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना तिथं गावात घर मिळालं. हे लहान काम नव्हे. समीक्षक म्हणून माझी शंका एवढीच : राज्याचं वेगळं गाव केलं की त्याला वेस येते. खमीर वेगळ्या डब्यात ठेवलं तर पीठ पिठाच्या जागी राहतं.

तिसरे रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. शब्द बघा, राज्याऐवजी दरबार. राज्याला शीव असते. दरबारात कुठूनही येऊन बसता येतं. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ही कल्पना मला या सगळ्यांत धाडसाची वाटते. पण दोन वर्षांत, १९१९ मध्ये टिळक गेले, आणि दरबार त्यांच्यामागं फार टिकला नाही. दरबारात सगळे एका आसनाकडं तोंड करून बसतात. आसन रिकामं झालं की उठतात. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त मात्र दरबार नाही, स्वयंपाकघर आहे. पाण्याचा घडा, सोवळं, घरात आणलेली परकी पोरं. आणि एका बाईच्या मनातून जात हळूहळू कशी निघून गेली त्याची हकीकत. 'देवाचं राज्य' या शब्दाची मराठीतली सर्वांत चांगली टीका, म्हणजे टीकाग्रंथ या जुन्या अर्थानं, मला त्या आत्मचरित्रात सापडते. नवऱ्यानं दरबार मांडला, बायकोनं पीठ मळलं.

अलीकडचे म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये ते इथून जवळच, तेव्हाच्या उस्मानाबादला, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोधही झाला. त्यांनी वसईच्या जमिनी-पाण्यासाठी रस्त्यावर उतरून काम केलं होतं. त्यांच्या लेखी श्रद्धा आणि विहीर हे वेगळे विषय नव्हते.

पाश्चात्त्य पंडितांचा वादही एका वाक्यात सांगतो. श्वाइत्झर म्हणाले, येशूला जगाचा शेवट जवळ दिसत होता आणि राज्य म्हणजे ती येऊ घातलेली घटना. पुढं १९३५ च्या सुमारास डॉड म्हणाले, छे, राज्य येशूच्या कामात आलेलंच आहे. मग नंतरच्यांनी समेट केला : आलंय, पण पुरतं आलेलं नाही. पंडितांचा समेट नेहमी असाच असतो. (हशा) पण तो चुकीचाही नाही.

मला इथं आपली बोली जास्त उपयोगी पडते. दोन शब्द सांगतो.

पहिला, 'तुमच्यात'. लूकच्याच सतराव्या अध्यायात येशूला विचारतात, राज्य केव्हा येणार? तो म्हणतो, ते इथं आहे, तिथं आहे, असं दाखवता येणार नाही. ते तुमच्यात आहे. तिथला ग्रीक शब्द दुहेरी आहे : तुमच्या अंतःकरणात, किंवा तुम्हा लोकांच्या मधे. टॉलस्टॉयनं पहिला अर्थ घेऊन अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते दक्षिण आफ्रिकेत गांधींच्या हाती पडलं. आता आपला शब्द बघा : 'तुमच्यात' म्हटलं की दोन्ही अर्थ आपोआप येतात. आणि आपल्याकडं तिसराही येतो. लग्न जमवताना विचारतात ना, "तुमच्यात काय पद्धत हाय?" तुमच्यात म्हणजे तुमच्या जातीत. हा तिसरा अर्थ येशूच्या वाक्यात बसवून बघा. टोचतो की नाही? तुमच्यात आणि आमच्यात या दोन शब्दांमधली भिंत ज्या दिवशी पडेल, तो एक भूकंप मला चालेल.

दुसरा शब्द, खुद्द 'राज्य'. लपाछपी खेळताना पोरं काय म्हणतात? "तुझ्यावर राज्य!" काही गावांत 'डाव आला' म्हणतात, पण पुष्कळ ठिकाणी राज्यच म्हणतात. खेळात राज्य ज्याच्यावर येतं तो राजा नसतो. त्यानं डोळे झाकायचे, आकडे मोजायचे आणि मग सगळ्यांना शोधत हिंडायचं. शेवटचं पोर सापडेपर्यंत त्याची सुटका नाही. हा अर्थ ग्रीकमध्ये नाही, हिब्रूत नाही. ही आपल्या भाषेची देणगी आहे, मी व्युत्पत्ती सांगत नाही. पण लूकचा पंधरावा अध्याय या अर्थानं वाचा. शंभरातलं एक मेंढरू हरवलं म्हणून रानात निघालेला माणूस. एक नाणं पडलं म्हणून दिवा लावून घर झाडणारी बाई. यांच्यावर राज्य आलंय! सिंहासनावरचा देव बाजूला ठेवा. ज्याच्यावर राज्य आलंय, असा देव येशूच्या गोष्टींत आहे. आणि हे राज्य यावं अशी प्रार्थना करणाऱ्यानं समजून असावं, की ते आलं तर आपल्यावर येणार.

किल्लारीत ते कुणावर आलं होतं? ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचं कर्ज, सरकारी आराखडा, सरळ रेघांतले रस्ते. घरं मजबूत झाली, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्याच वेळी शेकडो गावांत घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. घरोघर जायचं, दगडी भिंत कशी बांधून घ्यायची ते समजावायचं, अनुदान कुठं अडलं ते विचारायचं. चारचौघांत पदर सावरून गप्प बसणाऱ्या बाया सिमेंटचा हिशेब मागायला लागल्या. पुढं २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा इथल्या बायका तिकडच्या बायकांशी बोलायला गेल्या. या बहुतेक जणी ख्रिस्ती नव्हत्या, त्यांच्यावर मी ख्रिस्ती शब्द चिकटवणार नाही. एवढंच म्हणेन, की तेराव्या अध्यायात वाकलेली बाई सरळ होते आणि पुढच्याच गोष्टीत एक बाई पिठात खमीर दडवते, हे मी आधी नुसतं वाचलं होतं. ते कसं दिसतं हे मला इथं कळलं.

(व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी विचारले : सर, हे सगळं जिवंतांचं झालं. जे त्या रात्री गेले, त्यांना या राज्यात काय?)

तुम्ही माझ्या मांडणीची कच्ची बाजू बरोबर धरलीत. राज्य म्हणजे फक्त जिवंतांनी करायचं काम, असं म्हटलं तर त्या आठ हजारांच्या हाती काहीच येत नाही. ज्या आईचं लेकरू गेलं तिला न्याय, समता, मजबूत घर, हे सगळं नंतर. तिला लेकरू पाहिजे. जुन्या ख्रिस्ती श्रद्धेचं बळ इथं आहे, हे माझ्यासारख्यानं कबूल करावं. ती श्रद्धा म्हणते, मेलेले उठतील, तोवर राज्य पुरं झालेलं नाही. एकसुद्धा हरवलेला मोजणीतून सोडायचा नाही. पुनरुत्थान वगळून राज्याचा नुसता सामाजिक अर्थ सांगणारे, त्यात आज संध्याकाळी मीही आलो, ते ही मागणी गुपचूप खाली ठेवतात. माझ्याकडं ती श्रद्धा नाही. ती उसनी आणून मी तुम्हाला देणार नाही. पण तिची टिंगलही करणार नाही, कारण तिच्यात मेलेल्यांना विसरायला नकार आहे.

त्या म्हातारीला मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आज भेटली तर एवढंच म्हणेन : माय, तुमचं काही चुकलं नव्हतं. देवाच्या राज्याचा जो कुठला अर्थ तिच्यापुढं उभं राहून सांगता येत नाही, तो मला नको. तेराव्या अध्यायातला 'नाही' तिच्यापुढं सांगता येतो.

लपाछपीत शेवटचं पोर सापडलं नाही तर राज्य असलेला पोरगा अंधार पडला तरी हाका मारत राहतो. घरचे बोलवतात, बाकीची पोरं पांगतात, तरी तो भिंतीपाशी उभा असतो. श्रद्धावंतांचा देव तसा असेल, तर तो अजून जुन्या किल्लारीच्या जागेवर असणार. नसेल, तर हाका मारायचं राज्य आपल्यावर आहे.